सरांचा गोल

आमच्या कॉलेजात गणिताचे एक सर होते. वर्गात शिरले की ते आधी खिडक्या बघायचे, मग फळा, आणि मुलांकडे सगळ्यांत शेवटी. पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा ‘अहो’ म्हणायचे. कुणाचं उत्तर चुकलं की मान तिरकी करून जरा वेळ विचार करायचे आणि मग दोनपैकी एक निकाल द्यायचे. ‘बरोबर चुकलात’ किंवा ‘चुकीचे चुकलात’. ‘बरोबर चुकलात’ मिळालेला मुलगा दिवसभर खुशीत असायचा. एखाद्यानं ‘सर, हे तर उघडच आहे’ म्हटलं, तर मात्र सरांचा चेहरा पडायचा. “उघडं दार असतं, अहो,” ते म्हणायचे. “विधान उघडं नसतं. सिद्ध करा.”

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. अलिबागची हवा पुस्तकांना मानवत नाही. पानं फुगतात, शिवण सुटते, पुठ्ठ्यांना पांढरी बुरशी धरते. माझी अर्धी नोकरी पुस्तकं उन्हात घालण्यात आणि परत आत आणण्यात गेली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा फिरतीच्या नोकरीवर. पहाटे उठून त्यांचं सगळं करून, शेजारणीच्या हाती चावी देऊन मी कॉलेजात यायचे ती, खरं सांगायचं तर, खुर्चीत बसायला मिळावं म्हणून. दुपारी ग्रंथालयात कुणी फिरकत नसे. त्या वेळी सर यायचे. कधी बसायचे नाहीत. टेबलासमोर उभे राहायचे, एक पाय स्टुलाच्या दांडीवर, आणि बोलायला लागायचे. मला बसायला जागा हवी होती, त्यांना ऐकणारं माणूस हवं होतं. तेवढ्यावर आमचं जमलं.

मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, “सर, माझं गणित शाळेतच सुटलं. मला यातलं काही कळत नाही.”

“कळायची गरज नाही, बाई. तुम्ही फक्त ऐका.”

“मला दुपारची झोप येते.”

“झोपा की. कान थोडेच मिटतात.”

आणि खरंच, कितीतरी दुपारी मी डोळे मिटून बसले आणि त्यांचं बोलणं चालू राहिलं. डोळे उघडले की ते तिथेच, फक्त पाय बदललेला.

सांगायचे ते एकच. इतकी वर्षं, एकच गोष्ट. कुठलाही आकार घ्या. त्यातली एकमेकांपासून सगळ्यांत लांब असलेली दोन टोकं शोधा. त्यांच्यातलं अंतर म्हणजे त्या आकाराचा व्यास. आता व्यास ठरवून टाका, त्यापेक्षा लांब कुणी जायचं नाही. तर जास्तीत जास्त जागा कुठल्या आकारात मावेल?

“गोलात,” मी म्हटलं होतं.

“का?”

“गोलात सगळंच मावतं म्हणून.”

सरांचे डोळे चमकले. मला वाटलं बरोबर आलं. “बरोबर चुकलात!” ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या डब्याचं गोल झाकण काढलं. एका जुन्या पुठ्ठ्याचा तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण कापला, त्याची प्रत्येक बाजू झाकणाच्या व्यासाइतकी. मग तो झाकणावर ठेवला. तिन्ही कोपरे झाकणाबाहेर आले. कसाही फिरवा, बाहेरच. “दोघांचा व्यास एकच,” सर म्हणाले. “पण हा त्यात मावत नाही. म्हणजे गोलात सगळं मावतं म्हणून गोल मोठा, असं नाही म्हणता येत. गोल मोठाच आहे. पण कारण दुसरं आहे.” झाकणाला भाजीचा रस्सा होता, तो पुठ्ठ्याला लागला. त्रिकोण बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होता आणि त्याला मुंग्या यायच्या.

हे झालं सपाट कागदावरचं. सरांचं मन रमायचं ते वाकलेल्या जागांत. एक जागा चेंडूच्या पाठीसारखी, जिच्यावर सरळ निघालेल्या दोन वाटा पुढे एकमेकींकडे येतात. दुसरी घोड्याच्या खोगिरासारखी, जिच्यात त्या फाकत जातात; तिच्या वाकण्याला ते ऋण वक्रता म्हणायचे. पहिलीसाठी सर पपनस आणायचे, त्यावर बॉलपेननं त्रिकोण काढून दाखवायचे आणि तास संपला की ते पपनस मला खायला द्यायचे. दुसरीसाठी भाजलेला पापड. निखाऱ्यावर पापड भाजला की त्याच्या कडा अशा वरखाली वळतात की तेच खोगीर. सर तो कागदात गुंडाळून थळच्या घरून सहा आसनी रिक्षातून आणायचे आणि वर्गात उघडेपर्यंत तो सादळून फडक्यासारखा लोळायचा. “अलिबागच्या हवेत ऋण वक्रता टिकत नाही,” असं वैतागून म्हणत ते तो खाऊन टाकायचे. 

त्या दोन्ही जागांतही गोलच जिंकतो, हे सर जन्मायच्या आधीच कुणीतरी सिद्ध केलेलं होतं. सरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. समजा एखाद्या आकारात जवळजवळ तेवढीच जागा मावते, अगदी थोडी कमी. मग तो आकार जवळजवळ गोल असतो का? की कुणी भलताच लबाड आकार तिथवर येऊन पोचतो? आणि जवळजवळ म्हणजे किती?

हे ‘जवळजवळ म्हणजे किती’ त्यांच्या जिभेवर बसलं होतं. शिपाई सांगायला यायचा, “सर, चहा जवळजवळ झालाय.” सर विचारायचे, “म्हणजे किती?” बिचारा परत कॅन्टीनमध्ये बघायला जायचा. प्राचार्य एकदा सभेत म्हणाले की निकाल जवळजवळ समाधानकारक आहे, तेव्हा सगळे माना खाली घालून बसले. सर विचारणार हे ठरलेलंच होतं. त्यांनी विचारलं.

एकदा त्यांनी सगळा वर्ग समुद्रावर नेला, मलाही बरोबर घेतलं. काथ्याची एक लांब दोरी आणली आणि मुलांना सांगितलं, असे उभे राहा की कुठल्याही दोघांमध्ये ही दोरी ताणली तर पुरली पाहिजे, आणि तुमच्या मधली वाळू मात्र जास्तीत जास्त असली पाहिजे. मुलं भांडत, ओरडत, इकडेतिकडे सरकत होती. दोघं दोरी घेऊन प्रत्येक जोडी तपासत धावत होते. मुंबईहून आलेलं एक कुटुंब घोडागाडीतून उतरलं आणि त्यांना हा कुठला तरी खेळ वाटून आजोबांसकट त्यात सामील झालं. सरांना ते फार आवडलं. आजोबांना ते म्हणाले, “तुम्ही जरा आत या, तुमच्यामुळे समोरच्या बाईंना दोरी पुरत नाही.” भरती आली तेव्हा सगळ्यांच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं आणि वर्तुळ बऱ्यापैकी वर्तुळासारखं दिसत होतं. ओल्या चपला घेऊन परतताना सर मला म्हणाले होते, “बघितलंत बाई, जवळजवळ गोल!” मी विचारलं नाही किती.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. थळला खतांच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतील अशा अंतरावर त्यांचं घर होतं आणि घरात त्यांची मोठी विधवा बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. पाठीमागे थोडी भातशेती होती, ती आक्का बघायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुमी ऐकता म्हनं याचं?”

“हो. दुपारी.”

“मंग तुमाला जेवाया घालायलाच पायजे, बाय.” तव्यावर तांदळाची भाकरी टाकत ती म्हणाली, “आमच्या भावसाचा गोल अजून व्हायचाच हाय. माज्या बगा, कवाच झाल्या.”

सर हसले. बहिणीपुढे ते फार हसायचे.

पुढे विद्यापीठाचे नियम बदलले. पीएचडी नसलेल्याची बढती थांबली आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून समजावलं. सरांना बढतीशी काही देणंघेणं नव्हतं, पण आपला प्रश्न कुणीतरी तपासून बघेल म्हणून ते तयार झाले. मुंबईतले एक मार्गदर्शक मिळाले, वयानं सरांपेक्षा बरेच लहान. सरांनी वर्षानुवर्षं केलेलं सगळं लिहून काढलं. परीक्षकांचे अभिप्राय चांगले आले. आता फक्त शेवटची तोंडी परीक्षा, तीही सगळ्यांच्या मते नावापुरती.

सर म्हणाले, “बाई, तुम्ही चला. इतकी वर्षं ऐकलंत, शेवटचंही ऐका.”

मी रजा टाकली, सासूबाईंजवळ शेजारणीला बसवलं, पेढ्यांचा खोका घेतला आणि आम्ही मांडव्याहून बोटीत बसलो. सकाळची वेळ होती. समुद्रपक्षी बोटीच्या मागे लागले होते आणि लोक त्यांना वेफर्स टाकत होते. सर निघाल्यापासून बोलत होते. त्यांच्या सिद्धतेचं सगळं बळ आरशात होतं. सपाट जागेत आकार सरकवून बघता येतो, वाकलेल्या जागेत तसं जमत नाही. तिथे मधोमध एक आरसा धरायचा. आरशापलीकडच्या प्रत्येक कणाची इकडची जागा बघायची. ती रिकामी असेल तर त्याला इकडे आणायचं, भरलेली असेल तर दोघांना जिथल्या तिथे राहू द्यायचं. जागा तेवढीच राहते, व्यास वाढत नाही. मग आरसा फिरवायचा, पुन्हा तेच. असं करत करत कसलाही आकार गोलाकडे जातो. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही पाठ झालं होतं.

सर बोटीच्या काठावर बोटानं आकार काढून दाखवत होते. काढता काढता थांबले. बोट तिथेच राहिलं. मी वाट बघितली. बोट निम्म्या खाडीत आली तरी ते गप्पच. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर असे गप्प कधी झाले नव्हते.

“सर, बोट लागतेय का तुम्हाला?”

“खाच पडते, बाई.”

“कुठे?”

“आकाराला. आरशातून कण इकडे आणला की कडेला खाच पडू शकते. मी धरून चाललो होतो की पडत नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मला ते उघड वाटलं होतं.”

परीक्षेच्या खोलीबाहेर त्यांनी मार्गदर्शकांना बाजूला घेऊन सांगितलं. मी जवळच उभी होते. तो माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा पांढरा झाला. हळू आवाजात म्हणाला, “सर, अहवाल आलेत. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आज होऊन जाऊ दे, मग आपण निवांत दुरुस्त करू.”

“दुरुस्त होईल का, हे मला माहीत नाही.”

“म्हणूनच म्हणतो.”

सर आत गेले. मी मागच्या बाकावर बसले, मांडीवर पेढे. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, मायाळू दिसत होते. ते म्हणाले, “करा सुरुवात.” सरांनी खडू उचलला आणि पहिलंच वाक्य उच्चारलं, “माझ्या प्रबंधात एक चूक आहे, ती आधी दाखवतो.” फळ्यावर त्यांनी एक बिनखाचेचा आकार काढला, मधून आरसा काढला, आणि खाच काढली. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं, “ही तुम्हाला कधी दिसली?”

“आज सकाळी. बोटीत.”

“न सांगता चाललं असतं.”

“हो,” सर म्हणाले. “चाललं असतं.”

प्रबंध परत आला. दुरुस्तीसाठी मुदत मिळाली. परतीच्या बोटीत सरांनी माझ्या मांडीवरचा खोका घेतला, दोरा सोडला आणि माझ्यापुढे धरला. “घ्या बाई. चूक सापडली.” मला इतका राग आला की मी तोंड फिरवलं. घरी म्हातारीचं काय झालं असेल या काळजीत मी दिवसभर उपाशी होते, आणि हा माणूस चुकीचे पेढे वाटत होता. त्यांनी शेजारच्या बाकावरच्या माणसांना दिले. ती माणसं म्हणाली, “मुलगा झाला का?” 

पण खरी परीक्षा थळला होती. आक्कानं आख्ख्या भावकीला, आणि मलाही, जेवण सांगितलं होतं. दारात मांडव, चुलीवर मटणाचं मोठं पातेलं, वडे तळणं चाललेलं, आणि गावातल्या मंडळाच्या पोरांनी लावलेला फलक: ‘डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्यावर सरांचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा धुरकट. आम्ही रिक्षातून उतरलो तसा ताशा वाजायला लागला. सरांनी हात वर करून तो थांबवला. मग त्यांनी त्या सगळ्यांना, धोतरातल्या म्हाताऱ्यांना, कडेवर पोरं घेतलेल्या बायांना, खाच समजावून सांगितली. अगदी आरशापासून.

एक काका पुढे आले. “म्हंजे तू नापास झालास का रं?”

“न्हाय काका. नापास न्हाय. चुकलो.” 

“मंग त्यांनी पकडला तुला?”

“न्हाय. मीच सांगितलं.”

“कशाला?”

“चुकलं व्हतं म्हनून.”

काका इकडेतिकडे बघायला लागले. पोरं फलक काढावा की राहू द्यावा या विचारात दोरीला धरून उभी. तेवढ्यात आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं भावाकडे एकदा बघितलं, मग लोकांकडे.

“चुकलं तं चुकलं. मटान न्हाय चुकलं. बसा सगली पानावर.”

लोक बसले. सरांनी स्वतः वाढलं, वाकून वाकून, दोनदा. मी हात धुवायला मागच्या दारी गेले तेव्हा ते पेंढ्याच्या उडवीशी एकटेच उभे होते. मला बघून म्हणाले, “बाई, मी बरोबर चुकलो की चुकीचा?”

“मला गणितातलं काही कळत नाही, सर,” मी म्हटलं. मी फार दमले होते. त्यांनी मान हलवली आणि तोंडावर पाणी मारून परत वाढायला गेले.

मुदत संपली. वाढवून मिळाली, तीही संपली. मार्गदर्शकांचे फोन कमी झाले. सरांच्या हाताखाली आलेली मुलं विभागप्रमुख झाली आणि सरांना वेळापत्रक लावून द्यायला लागली. सरांना त्याचं काही वाटत नसे. खाचेचं मात्र वाटायचं. दुपारी ते यायचे, पाय दांडीवर ठेवायचे आणि खाच पडू नये म्हणून काल काय करून बघितलं ते सांगायचे. पण आवाज उतरला होता. मधेच थांबायचे, पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत बघायचे. मीही विचारत नसे. ते निवृत्त झाले, तरी रिक्षातून यायचे. मग मी निवृत्त झाले. सासूबाई गेल्या, काही वर्षांनी नवराही गेला, मुलगी पुण्याला. सर माझ्या घरी यायला लागले. तिथे स्टूल नव्हतं, म्हणून उंबऱ्यावर पाय ठेवून बोलायचे.

एका दुपारी ते आले आणि उंबऱ्यावर पाय ठेवून उभे राहिले. मी भाजी निवडत होते.

“खाच पडतेच, बाई,” म्हणाले. “ती पडू नये म्हणून मी इतकी वर्षं धडपडलो. पडू दे म्हटलं. ती किती मोठी पडते तेवढं मोजलं. आकार गोलाच्या जितका जवळ, खाच तितकी लहान. त्यावर भागतंय.”

“म्हणजे झालं?”

“झालं असं वाटतं. तपासतोय.” मग म्हणाले, “फार साधं होतं हो.”

तपासण्यात आणखी बराच काळ गेला. नव्यानं नोंदणी झाली. त्यांचे मार्गदर्शक आता स्वतःच पिकले होते, त्यांनी मात्र मनापासून मदत केली. मग ते जूनमधलं वादळ आलं. अलिबागेत माझ्या घरासमोरचं आंब्याचं झाड विजेच्या तारांवर पडलं. फोन बंद, वीज बंद. रस्ता मोकळा झाल्यावर मी थळला गेले. सरांच्या घराचं निम्मं छप्पर उडालं होतं. अंगणात बाजेवर, दोरीवर, कुंपणावर, सगळीकडे कागद वाळत घातले होते आणि शाई ओघळून त्यांचे निळे ढग झाले होते.

“वारा सुरू झाला तेव्हा एकच ताडपत्री होती,” सर म्हणाले. “आक्का म्हणाली, आधी तांदूळ. मी आधी तांदूळ झाकले.”

“मंग? कागद शिजवून खाल्ला असतास?” आतून आक्का म्हणाली.

त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. पावसाळा संपेपर्यंत लिहीत होते. परीक्षा झाली ती माझ्या घरी, मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर, कारण थळला रेंज धरत नव्हती आणि सगळीकडे करोनामुळे अजून येण्याजाण्यावर बंधनं होती. आक्का नवं लुगडं नेसून, तोंडाला रुमाल बांधून माझ्या पलंगावर बसली होती. तिला आता फारसं ऐकू येत नव्हतं. पडद्यावर चार चेहरे. त्यात ते म्हातारे परीक्षक नव्हते, ते वारले होते. एक तरुण बाई होत्या, त्यांनी खाचेवरच नेमकं बोट ठेवलं आणि बरेच प्रश्न विचारले. मधे दोनदा चित्र गोठलं. सर तसेच हात वर करून थांबायचे, चित्र हललं की तिथूनच पुढे. शेवटी सगळे टाळ्या वाजवताना दिसले. आवाज गेला होता.

“काय म्हनले?” आक्कानं विचारलं.

“झालं, आक्का.”

“कंचं?”

सरांनी दोन्ही हातांनी हवेत वर्तुळ करून दाखवलं. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. सरांनी लॅपटॉप मिटला, माझ्याकडे पाणी मागितलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून ते बसले. 

त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. आधी मला वाटलं, काही दिवस विश्रांती घेत असतील. दिवाळी गेली, शिमगा गेला. ते यायचे, चहा प्यायचे, आक्काच्या औषधांचं सांगायचे. मीच एकदा विचारलं, “सर, आता पुढचा प्रश्न कुठला?”

“कुठला नाही. दमलो, बाई.”

मला वाटायचं सुटले मी एकदाची. पण दुपारी त्या वेळेला मी उगाच पडून राहायचे आणि झोप यायची नाही.

गेल्या वर्षी आक्कानं जेवायला बोलावलं म्हणून थळला गेले होते. जेवण उरकून ओटीवर बसलो होतो. फाटकातून एक कोळीण आली, वयस्क, काठी टेकत. डोक्यावर रिकामी पाटी.

“डाक्टर हायती का?”

सर चपापले. आक्कानं बाजारभर सांगून ठेवलं होतं, भाऊ डॉक्टर झाला म्हणून.

“मावशी, मी तसला डॉक्टर न्हाय.”

“मंग कसला?”

सर अडखळले. “मी... आकारांचा.”

“मंग बग ना,” ती पायरीवर बसत म्हणाली आणि लुगडं वर सरकवलं, “गुडघ्याचा आकार बग कसा झालाय.”

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. खाली उतरून ते तिच्यासमोर उकिडवे बसले, गुडघ्याकडे मान तिरकी करून बघत राहिले. “व्हय,” म्हणाले. “सुजलाय. कवापासून?” तिनं सांगायला सुरुवात केली. बंदरावरच्या ओल्या फरशीपासून, पहाटेच्या लिलावापासून, सुनेपासून, मुंबईला गेलेल्या मुलापासून. तिची गोष्ट गुडघ्याकडे यायची आणि परत लांब जायची. सरांनी एकदाही तिला तोडलं नाही. ‘मग?’ एवढंच म्हणायचे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी शेजारच्या पोराची रिक्षा बोलावली आणि तिला अलिबागला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी आणि आक्का ओटीवर तांदूळ निवडत बसलो.

ते परतले तेव्हा उन्हं उतरली होती. मावशीला घरी सोडून आले होते. “गादी झिजलीय,” म्हणाले. “गोळ्या दिल्यात, पट्टा दिलाय.” मग खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. “उद्या सकाळचा तुमचा नंबर लावलाय.”

“माझा? कशाला?”

“तुम्ही उठताना टेबलाला हात टेकता. आधी एक टेकायचात, आता दोन्ही. पायऱ्या उतरताना उजवा पाय आधी टाकता आणि डावा मागून आणता. ग्रंथालयात असल्यापासून.”

मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. सांगून कोण काय करणार, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर सर आधीच येऊन बाकावर बसले होते, शेजारची जागा पिशवी ठेवून धरलेली. मी बसले. समोर भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. गर्दी बरीच होती. खिडकीतल्या मुलीनं माझं नाव पुकारलं, वय लिहून घेतलं, पत्ता विचारला आणि मान वर न करता म्हणाली, “सोबत कोण आहे?”

काय सांगावं याचा मी विचार करत होते. तोवर माझ्यामागून आवाज आला, “मी आहे.”